हल्दीला कोन बसलेली?

आंबीबायनं मला पहिल्या भेटीत नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, जात तर नाहीच. तिनं विचारलं, "तुझे हल्दीला कोन बसलेली?"

मी वाईहून नुकती डोंबिवलीला आले होते. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. हातात कळशी, डोक्यावरून पदर, आणि समोर विहिरीच्या कठड्यावर बसलेली आमची ही घरमालकीण. गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं लुगडं, तोंडात मशेरीचं बोट, आवाज असा की विहिरीतलं पाणीही जरा दबून असावं.

"काकू होत्या, मावशी होत्या," मी म्हणाले.

"बसल्या त्या बसल्या. गायली कोन?"

"गायलं कुणी नाही. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली."

आंबीबायनं तोंडातलं बोट काढलं आणि माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग तुझं अर्धंच लगीन झालंय, पोरी," ती म्हणाली. "पानी भर तू."

पुढं सहा-सात वर्षं आम्ही तिच्या चाळीत राहिलो, आणि तेवढी वर्षं ती आम्हा नवराबायकोला अर्धवट लग्न झालेलीच समजत होती. आमच्या दोघांत जरा आवाज चढला की ओट्यावरून तिचा निकाल यायचा, "जाऊ दे गं, अर्धंच लगीन हाय. वंगाल काय वाटून घेतंस?" आमच्या ह्यांना याचा भयंकर राग यायचा. मला सासरी कुणीतरी माझ्या बाजूचं आहे असं वाटायचं.

आंबीबाय धवलारीण होती. हा शब्द मी डोंबिवलीत येईपर्यंत ऐकला नव्हता. आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत गाऊन लग्न लावते ती धवलारीण. आधी ती देवांना हाक मारते. मग वेशीला, विहिरीला, शेतांना, खाडीला. मग दोन्ही घरच्या वाडवडलांना एकेकाच्या नावानं. एवढी सगळी मंडळी मांडवात येऊन बसली, की मग नवरानवरीची पाळी. आमच्याकडे लग्नाला पत्रिका छापतात, त्यांच्याकडे आंबीबाय होती. फरक एवढाच, की पत्रिका मेलेल्यांना जात नाही.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिचं काही विसरायचं राहूनच गेलं होतं. साल, महिना, तारीख या गोष्टी तिच्या हिशोबी नव्हत्या. तिचं पंचांग लग्नांचं होतं. स्वराज्य कधी आलं, असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, "बारकीचे हल्दीचे आदले साली." माझा थोरला मुलगा तिच्या मते खालच्या आळीतल्या जोड लग्नांच्या पावसाळ्यात झाला. म्युनिसिपालिटीच्या दाखल्यावर काही का असेना, माझ्याही डोक्यात त्याचा जन्म तसाच नोंदलेला आहे.

आमची चाळ आठ खोल्यांची, बैठी, भाताच्या खाचरात बांधलेली. आंबीबायच्या भावानं ती बांधायला काढली आणि पुरी व्हायच्या आत तो गेला. खोल्यांना एक ते आठ असे नंबर घातले होते, पण आंबीबायला ते मान्य नव्हते. खोली ज्या जागेवर उभी त्या जागेचं नाव खोलीला. एक खोली वाफ्यातली, कारण तिथं भाताची रोपं लावायचे. एक चिंचेखालची, चिंच केव्हाच तोडली होती. आम्ही बांधावरचे. पोस्टमन बिचारा नवीन होता. "पाच नंबर कुठाय?" असं त्यानं विचारलं की आंबीबाय शांतपणे सांगायची, "पाच नंबर नाय आमचे गावान." आणि पत्र परत जायचं. माझ्या आईची दोन पत्रं अशी गेली. शेवटी मी आईला पत्ता कळवला: बांधावर, आंबीबायची चाळ. त्यानंतर एकही पत्र चुकलं नाही.

आता आमच्या मामंजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जो घोटाळा झाला तो त्यांनीच केला. मामंजी म्हणजे माझे सासरे. कोर्टात शिरस्तेदार होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढून अर्ज परत केले, आणि पेन्शन घेतल्यावर अर्ज येईनासे झाले म्हणून ते माणसांतल्या चुका काढायला लागले. मनानं वाईट नव्हते. पण चूक दिसली आणि बोलले नाहीत, तर त्यांना अन्न पचत नसे. माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न, "आपलं गोत्र?" गोत्र सांगितलं की प्रवर, प्रवर सांगितले की शाखा. भाजीवालाही यातून सुटला नव्हता.

म्हणजे एका ओट्यावर हळद विचारणारी बाई आणि शेजारच्या ओट्यावर गोत्र विचारणारा गृहस्थ. मध्ये आंबीबायचा वाळत घातलेला जवळा. त्याच्या वासानं मामंजी खिडकी लावून घेत आणि उकाड्यानं पुन्हा उघडत.

एकदा ही दोघं समोरासमोर आली. मामंजी श्राद्ध उरकून ओट्यावर बसले होते, अंगाला गंध, चेहऱ्यावर पितरांचं ऋण फेडल्याचं समाधान. आंबीबायनं विचारलं, "कुनाकुनाला जेवायला बोलावलंत?"

मामंजींनी ऐटीत सांगितलं, "वडील विश्वनाथ, आजोबा गणेश, पणजोबा केशव."

"त्याचे आधी?"

"तीनच पिढ्यांचा उच्चार करायचा असतो."

"उच्चार नका करू. पन ठाव तं असेल."

मामंजींनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"बरं. बायका?"

बायकांचीही नावं मामंजींनी तीन पिढ्यांपर्यंत धडाधडा म्हणून दाखवली. त्यांना वाटलं सुटलो. आंबीबाय म्हणाली, "कुठल्या गावच्या त्या?"

आईचं माहेर त्यांना ठाऊक होतं. आजीचं आठवेना. पणजीचा तर प्रश्नच नव्हता.

"मंग आल्या कुठून? हिरीतून निंगाल्या?"

त्यानंतर तिनं स्वतःच्या सात पिढ्या बसल्या जागी सांगितल्या, पुरुषाला जोडून बाई, बाईला जोडून तिचं गाव. तेवढ्यात जवळ्यावर आलेल्या मांजराला हाकललंही. मामंजी त्या दिवशी रात्री जेवले नाहीत. श्राद्धाचं जेवण जड झालं, असं त्यांनी मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी साताऱ्याच्या चुलतभावाला पत्र टाकलं: आजीचं माहेर कळवावे. उत्तर आलं, आम्हांसही ठाऊक नाही, तुम्हांस कळल्यास कळवावे.

तिचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते खालच्या आळीतल्या एका हळदीला. आळीत त्या घरचे दोन भाऊ एका बांधावरून वर्षभर बोलत नव्हते. धाकट्याच्या मुलीचं लग्न. थोरला शेजारच्याच घरात दार लावून बसलेला. आंबीबायला हे ठाऊक होतं. कुणी तिला काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तिनं देव बोलावले, वेस बोलावली, शेतं बोलावली, आजे-पणजे बोलावले. मग हळद लावायचा पहिला मान घरातल्या थोरल्याचा, अशा अर्थाची ओळ आली. ती तिनं म्हटली. पुन्हा म्हटली. पुन्हा.

मला वाटलं, म्हातारी पुढचं विसरली. शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनीच बंद दाराकडे खूण केली. आंबीबाय तीच ओळ म्हणत राहिली, चाल न बदलता, आवाज न चढवता. हळदीची वाटी पुढं ठेवलेली, नवरी पाटावर अवघडलेली, चुलीवर वडे तळणाऱ्या बायका झारे हातात धरून उभ्या. तास झाला असेल. पोरं कंटाळून तीच ओळ म्हणायला लागली. शेवटी ते दार उघडलं आणि थोरला भाऊ बंडीच्या गुंड्या लावत बाहेर आला. "येतंय, येतंय," तो म्हणाला, "आता पुरं कर." त्यानं पुतणीला हळद लावली आणि आंबीबायनं पुढची ओळ घेतली, जणू मध्ये श्वास घ्यायला थांबली होती.

घरी येताना मी तिला विचारलं, "आणि तो आलाच नसता तर?"

"कुठं जाईल?" ती म्हणाली. "त्याचे लगनाला पन मीच बसलेली."

असा दरारा असलेल्या या बाईला एकाच माणसापुढं बोलता येत नसे. तो म्हणजे गजानन.

गजानन तिच्या भावाचा मुलगा. त्याची आई बाळंतपणात गेली, बाप चाळ अर्धी टाकून गेला. आंबीबायला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर ती माहेरीच होती. तिनं त्याला वाढवला, कल्याणच्या शाळेत पाठवला, मॅट्रिक केला. पावसाळ्यात तिनं त्याची दप्तराची पिशवी डोक्यावर धरून खाचरं ओलांडलेली लोकांनी पाहिली होती. तो तिला आय म्हणत असे. नात्यानं आत्या, पण जिभेवर आय.

मग त्याला ठाण्याला एका ऑफिसात कारकुनी लागली. पांढरी पँट आली, केसांना भांग आला, आणि एक दिवस त्याच्याबरोबर ऑफिसातले दोघं चाळीत आले. आंबीबाय ओट्यावर जवळा निवडत होती. "ही आमची आत्या," गजानन म्हणाला. "गावाकडची." आंबीबायनं मान वर केली नाही. गावाकडची म्हणजे काय, हा प्रश्न मला पडला. ती होती तिथंच तर तिचं गाव होतं. पाहुणे गेल्यावरही आत्या हाच शब्द राहिला. आधी माणसांसमोर, मग माणसं नसतानाही. तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा विहिरीवर मला म्हणाली, "आत्या पन चांगलं हाय. नात्यानं तेच हाय ना?" आणि लगेच दुसरं काही बोलायला लागली.

त्याचं लग्न ठरलं. मुलगी खाडीपलीकडच्या गावची, यमुना नावाची, सातवी शिकलेली. आंबीबायनं हळकुंडं आणून ठेवली. त्याच आठवड्यात गजानन तिच्यासमोर येऊन बसला. मी भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत होते. आमच्या भिंती अशा होत्या की ऐकायचं नसलं तरी ऐकू येई, आणि मला ऐकायचं होतं.

"आत्या, मी काय म्हणतो, या वेळी ते गाणं नको."

"कनाला?"

"ऑफिसची माणसं यायची आहेत. साहेब येतील. भटजी सांगितलाय कल्याणचा. लाउडस्पीकर पण आणतोय. ते वाडवडील, शेतं, चिंचा... हसतात लोक."

हळकुंडं परत डब्यात पडल्याचा आवाज आला. मग आंबीबाय म्हणाली, "बरं, बाला."

गावातल्या शेकडो लग्नांना बसलेल्या बाईला स्वतःच्या घरच्या लग्नात गप्प बसायला सांगितलं होतं. माझी भाकरी तव्यावर करपली. मला त्या पोराचा इतका संताप आला की उलथनं घेऊन पलीकडे जावंसं वाटलं. पण मी भाडेकरीण. आणि आंबीबाय त्यानंतर इतकी गोड वागायला लागली की मी घाबरले. पोस्टमननं पाच नंबर विचारला तर तिनं हात करून आमची खोली दाखवली. ती असं वागतेय म्हणजे तिला खोल कुठंतरी लागलंय, हे चाळीतल्या पोरांनाही कळलं.

लग्नाच्या दिवशी मांडवात शाळेतून आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढं ऑफिसची मंडळी, त्यांच्या शेजारी मान म्हणून मामंजी. कर्ण्यावर रेकॉर्ड वाजत होती. आंबीबाय अगदी मागं, चुलाण्यापाशी, तांदळाचे वडे मोजून परातीत टाकत होती. नवीन लुगडं नेसली होती, पण पाहुणीसारखी अंग चोरून बसली होती.

भटजी घाईत होते. त्यांना त्या दिवशी आणखी एक लग्न होतं. "वराचं गोत्र?"

गजानननं चुलत्याकडे पाहिलं. चुलत्यानं मागं पाहिलं. आगरी माणसाला शेत विचारा, कूळ विचारा, देव विचारा, गोत्र सांगायची वेळ त्याच्यावर येतेच कशाला? भटजींना हे सवयीचं होतं. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, अशी सोय शास्त्रात आहे. "काश्यप," ते म्हणाले आणि पुढं गेले. "वधूचं?" तिकडेही तीच गत. "काश्यप."

"थांबा," मामंजी म्हणाले.

मी मागच्या बाजूनं त्यांना नको नको म्हणून हात केला. पण तीस वर्षांची सवय. चूक डोळ्यांसमोर होती आणि अर्ज मंजूर होत होता. मामंजी उभे राहिले. "दोघांचं गोत्र एक. हा सगोत्र विवाह झाला. शास्त्रात निषिद्ध आहे."

भटजी चिडले. "अहो, माहीत नसलं की काश्यप देतात."

"देतात, मान्य. पण दोघांनाही?"

"बरं, वधूचं भारद्वाज करू."

आता नवरीचा आजा उठला. सत्तरीचा, मिठागरावर आयुष्य गेलेला, पाय भेगाळलेले. "करू म्हंजे? आमची पोर काय टोपी हाय, ही नको ती घाल?" त्याला शास्त्र कळत नव्हतं, पण निषिद्ध कळत होतं. "यो मास्तर काय बोलतो? पोर आन पोरगा भाऊबहीन हायेत?"

तिथून जे पेटलं ते भटजींच्याही हातात राहिलं नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. एका म्हातारीला आठवलं, गजाननची पणजी राघी आणि यमुनेची पणजी ठकी एकाच गावच्या, आणि एकमेकींना बहीण म्हणायच्या. सख्ख्या बहिणी असतील तर मावशीचं नातं, म्हणजे नवरानवरी भावंडं. रेकॉर्ड थांबवली. आजानं काठी टेकली आणि सांगितलं, खरंखोटं कळल्याशिवाय पोर बोहल्यावर उभी राहणार नाही. उद्या गावानं बोट दाखवलं तर तिनं तोंड कुठं लपवायचं? पाटावर यमुना खाली मान घालून रडत होती. मामंजी माझ्याकडे पाहत होते. एवढं व्हायला नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"तुमची धवलारीन कोन हाय?" आजानं विचारलं. "तिला बोलवा. तिला ठाव असेल."

सगळ्यांची तोंडं चुलाण्याकडे वळली. आंबीबायनं परातीतून मान वर केली नाही. "माला गप रहायला सांगलंय," ती म्हणाली. "मी आत्या हाय. पावनी."

गजानन उठला. कपाळावर मुंडावळ्या, अंगावर कोट, ऑफिसच्या सगळ्या माणसांच्या मधून चालत तो चुलाण्यापाशी गेला आणि राखेत उकिडवा बसला. आय म्हणावं तर साहेब ऐकत होते. आत्या म्हणावं तर कुठल्या तोंडानं? शेवटी नुसतंच म्हणाला, "सांग ना गं."

मला वाटलं, आता ही याला खालच्या आळीतल्या थोरल्या भावासारखा ताटकळत ठेवणार. ठेवायलाच हवं होतं. पण आंबीबायनं त्याच्या खांद्यावरून यमुनेकडे पाहिलं. "पोरीचं तोंड सुकलंय," ती म्हणाली. हात पुसले आणि उठली.

ती मांडवाच्या मधोमध बसली, आणि मोटेचं पाणी पाटाला लागावं तसा आवाज सुरू झाला. देव आले. वेस आली. खाडी आली. वाफा आला, चिंच आली, भरून टाकलेली तळीही आली. मग गजाननचा बाप दामा, दामाचा हाशा, हाशाचा जोमा, असे सात पुरुष आणि सात बायका, प्रत्येक बाई आपल्या गावासकट. मग यमुनेकडचे सात. आजा एकेका नावाला मान डोलवत होता. राघी आणि ठकीपाशी ती थांबली आणि गाणं सोडून साध्या बोलीत म्हणाली, "राघी खालचे आलीची, मिठागरवाल्यांची. ठकी वरचे आलीची, भातवाल्यांची. एकीचे घरचं मीठ दुसरीचे घरी जायचं, दुसरीचे घरचं तांदूल इकडं यायचं. म्हनून बहिनी बोलायच्या. रगताच्या असत्या तं एवढ्या वर्सांत एकदा तरी भांडल्या असत्या."

"ते खरं हाय," ती संशय काढणारी म्हातारीच म्हणाली.

मामंजी पुन्हा उभे राहिले. मी पुन्हा नको नको म्हणून हात केला. त्यांनी घसा साफ केला. "साक्ष मान्य," ते म्हणाले आणि बसले.

सगळे हसले. पण आंबीबायचं संपलं नव्हतं. शेवटी धवलारीण गावात राहणाऱ्या सगळ्यांना बोलावते, तसं तिनं बोलावलं, आणि मला एकदम आमची नावं ऐकू आली. बांधावर राहणारे, देशावरचे, कृष्णेकाठचे. विश्वनाथ, त्याचा बाप गणेश, त्याचा बाप केशव. त्यांच्या बायका; दोघींचं गाव ठाव नाय, तरी या.

वाई सोडल्यापासून मी या गावात पाहुणीसारखी राहत होते. रोज मनातल्या मनात घाटावरच्या पायऱ्या मोजायची. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की माझ्या सासरच्या त्या अनोळखी बायकाही कुठून कुठून येऊन या बांधावर टेकल्या आहेत आणि त्यांना कुणीतरी बस म्हटलंय. मला रडू आलं. मामंजींनी उपरण्यानं नाक पुसलं आणि चुलाण्याचा धूर फार आहे असं सांगितलं.

मुहूर्त टळला होता. भटजींनी दुसरा शोधून काढला आणि लग्न लागलं.

गंमत पुढंच झाली. ऑफिसचे साहेब निघताना गजाननला म्हणाले, असं काही त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, रेकॉर्डपेक्षा कितीतरी सरस. झालं. ज्या गाण्याची गजाननला लाज वाटत होती, त्याचा तो मोठा अभिमानी झाला. ऑफिसात सांगू लागला, मित्रांना हळदीला घेऊन येऊ लागला. आंबीबायला याचं सुख झालं नसेल असं नाही. पण मी पाहत होते, घरात तो तिला काहीच म्हणत नव्हता. आत्या म्हणणं त्यानं सोडलं होतं, आय म्हणायची हिंमत होत नव्हती. "ऐक ना", "हे बघ", असं बिनानावाचं चाललं होतं.

पुढं आमच्या ह्यांची सोय पाहून आम्ही ठाण्याला टेंभी नाक्याजवळ बिऱ्हाड केलं. वर्षभरानं एकदा दुपारी मी डोंबिवलीला गेले होते. रेल्वेचं फाटक बंद होतं. एक बैलगाडी, चार-दोन सायकली, आणि फाटकाशी आंबीबाय. कोपरकडच्या एका हळदीला निघाली होती. पाठीला बाक आला होता. तिची हळदीची पिशवी गजाननच्या हातात होती. मी हाक मारणार, तेवढ्यात समोरून ऑफिसातला कुणी नवा माणूस आला आणि गजाननला विचारलं, "या कोण?"

गजानननं छाती पुढं काढली. "आमची धवलारीण. अख्ख्या तालुक्यात हिच्यासारखी नाही."

आंबीबायनं पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"धवलारीन मी सगल्यांची हाय," ती म्हणाली. "तुझी कोन हाय ते सांग याला."

फाटक बंद. जायला वाट नाही. गजाननचे कान लाल झाले. त्यानं रुळांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. मग पुटपुटला, "आय आहे माझी."

गाडी धडधडत निघून गेली. फाटक उघडलं. सायकलवाले पुढं गेले, पण आंबीबाय जागची हलली नाही.

"जरा मोठ्यानं बोल, बाला," ती म्हणाली. "माला आता कमी आयकू येतं."

चार खोल्यांपलीकडे दूध उतू गेलेलं या बाईला ऐकू यायचं. गजानन परत बोलला, आणि बैलगाडीवाल्यानंही वळून पाहिलं.